शालूचा शेक

२७ नोव्हें. ५०, सोम.
शालूला बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर काढायचं म्हणतात. पोर एक रात्र जगलं आणि गेलं, आता खोली कशाला अडवायची, असं थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं. "पोर नाही तिथं शेक कसला गं? लोक काय म्हणतील?"

म्हणू देत. नऊ महिने वाहिलं माझ्या सुनेनं, कळा सोसल्या सुनेनं. पोर राहिलं नाही म्हणून बाळंतीण बाळंतीण राहत नाही की काय? मी हे त्यांच्या तोंडावर बोलले. जाऊबाईंनी पदर झटकला आणि गेल्या. या घरात त्यांचाच शब्द चालत आलाय. यावेळी चालणार नाही. बाज तिथंच राहील, खाली शेगडीही.

शा. बोलत नाही. रडतही नाही. मला त्याचीच भीती वाटते.

२८, मंगळ.
मानकूबाई सुईण आली. तेल चोळता चोळता म्हणाली, "बाय, आंग निस्तं लाकूड झालंय हिचं. पानी चांगलं कडक करा." दूध भरून छाती दगडासारखी. अंगाला कोण सांगणार पोर गेलं म्हणून? ते आपलं दूध करत बसलंय. गरम फडक्यानं शेकलं, पिळून काढलं. शा. कौलांकडे बघत पडून.

निर्गुडीचा पाला मधूला आणायला लावला. चिरंजीव बायकोच्या खोलीकडे बघत बघत चालले आणि केळीच्या आळ्यात धडपडले. चिखलानं भरलेला तसाच पाला घेऊन दारात उभा. बरं वाटलं बघून.

संध्याकाळी न्हाऊ, मग धुरी. ओवा, शेपा, लसणीची सालं. झरोका उघडा ठेवला, धूर कोंडायचा नाही.

३०, गुरु.
सोपाऱ्याहून माणूस आला. रविवारी शा.चे वडील गाडी घेऊन येणार, तिला माहेरी न्यायला. तिथं पोरीला बरं वाटेल म्हणतात. वाटेलही. पण अशी मुकी गेली तर परत यायची नाही, हे मला स्वच्छ दिसतंय.

मधू जेवला नाही. "आई, जाऊ द्यायचं का तिला?"
"ते तीच सांगेल."
"ती बोलते कुठं?"

बरोबर आहे त्याचं. रविवारच्या आत बोलली पाहिजे. उद्यापासून शेक सकाळ-संध्याकाळ.

१ डिसें., शुक्र.
घाम फुटला! इतके दिवस अंग नुसतं तापायचं आणि कोरडंच राहायचं. आज कपाळ, मान, पाठ, सगळं निथळलं. मूठ आवळून झोपायची, ती मूठ उघडली. तशीच गाढ झोपली. मी शेजारी पाटावर पंच्यानं वारा घालत बसले, मीही घामानं चिंब. सकाळपासून जाऊबाईंना चार शब्द सुनवायचे म्हणून मनात जुळवून ठेवले होते, त्यातला एकही आठवेना. अंग सैल पडलं की मनाची गाठही सैल होते, हे माझं ठाम मत. कुणाला पटत नसेल त्यानं येऊन बसावं.

जाऊबाई स्वयंपाकघरातून ठसकत होत्या. घरभर ओव्याचा वास. मुद्दाम दोन ठसके जास्तीचे.

शा. उठल्यावर पेजेचा वाडगा रिकामा केला. बोलली नाही.

२, शनि.
हे नीट लिहून ठेवते.

संध्याकाळची धुरी लावली आणि जाऊबाई दारात. "शेगडी पेटलेलीच आहे, तर माझी कंबर जरा…" वाक्य अर्धंच. मी पाट सरकवला. निखाऱ्यांकडे पाठ करून बसल्या. जाऊबाईंच्या मानेवर घाम आला, खांदे खाली आले. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझी पहिली मुलगी गेली, तेव्हा तिसऱ्या दिवशी मी रहाटावर पाणी ओढत होते. सासूबाई म्हणाल्या, आता शेक कुणासाठी?"

मी या घरात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. इतकी वर्षं एका चुलीवर रांधतोय, एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

शा. बाजेवरून उठली. तेलाची वाटी घेतली. "काकी, पाठ इकडं करा."

आवाज घोगरा, पण तिचाच. जाऊबाईंनी मुकाट पाठ फिरवली. शा. चोळत राहिली. थोड्या वेळानं विचारलं, "नाव ठेवलं होतं तिचं?"
"मनात ठेवलं होतं."
"मीपण."

मग दोघी रडल्या, मोकळ्या गळ्यानं. मीही रडले. धुराचं निमित्त कुणी केलं नाही.

मधू बाहेर येरझाऱ्या घालत होता. त्याला म्हटलं, उभा काय राहिलास, अजून पाला आण.

३, रवि.
व्याही उजाडताच आले. ओटीवर बसलेत, समोरच लिहितेय. चहा दिला, हातातच निवला. पोरीच्या काळजीनं माणूस वाळलाय. राग धरण्यासारखं काही नाही.

विचारलं, "शालू येते ना?"
"तिलाच विचारा. आता बोलते ती."

व्याही उठून दारापाशी गेले. "शालू, बाळा, गाडी आणलीय."

आतून धुराच्या वासाबरोबर तिचा आवाज आला, "बाबा, बसा जरा. काकींचं व्हायचंय, मग माझं."

व्याह्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "बैल सोडू की राहू दे जुंपलेले?"

मधू खांबाला टेकून ऐकतोय. जाते म्हणेल की राहते, मला ठाऊक नाही.

म्हटलं, सोडा. शेक अर्धा टाकून आमच्याकडे कुणी उठत नाही.