संडे बिस्किटचा गुडघा

कोल्ड ब्रँच, केंटकी
४ ऑक्टोबर २०२३

चि. लेनी हीस,

अनेक आशीर्वाद. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. मला ऐकू येत नाही, आणि तू मोठ्याने बोललीस की रागावल्यासारखीच वाटतेस. त्यापेक्षा पत्र बरं. यंदा गोड धाटांच्या ज्वारीची काकवी झकास झाली आहे, सोबत एक बाटली पाठवतो.

आता मुद्द्याचं. तू नोकरी करतेस त्या मैदानावर १४ तारखेच्या चौथ्या शर्यतीत आपला जुना घोडा संडे बिस्किट आहे. नऊ वर्षांचा झाला, आणि पाच हजारांच्या विकाऊ शर्यतीपर्यंत उतरला, म्हणजे तेवढे पैसे भरून कुणीही त्याला विकत नेऊ शकतो. आठवतोय ना? तुझ्या आईने बाटलीने दूध पाजून वाढवलेला, तिच्या एप्रनच्या खिशातली बिस्किटं चोरणारा. चार वर्षांचा असताना मी त्याला अशाच एका शर्यतीत उतरवला आणि कुणीतरी चिठ्ठी टाकून नेला. तुझी आई, ओपल, महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत गेलीच.

मला तो परत हवाय. पळवायला नको, कुरणात हवाय. शर्यतीच्या पंधरा मिनिटं आधी मी पेटीत खरेदीची चिठ्ठी टाकणार. फाटक उघडलं की घोडा माझा, मग तो जिंको नाहीतर शेवटचा येवो. तुला तो रोज दिसत असेल. पाय कसे आहेत त्याचे, एवढंच कळव.

तुझा,
डॅडी

रिव्हर फोर्ड, ओहायो
८ ऑक्टोबर २०२३

ती. डॅडींना,

सा. न. वि. वि. काकवी पोचली. अर्धी संपली, हेही कबूल करते.

पायांबद्दल मी काहीही लिहिणार नाही. चांगले म्हणणार नाही, वाईटही म्हणणार नाही. मी इथली घोड्यांची सरकारी डॉक्टर आहे. उद्या दुसऱ्या कुणाच्या मुलीने बापाला असं गुपचूप कळवलं, तर सगळ्यात आधी बोंब तुम्हीच ठोकाल. तुम्ही येणार आहात हेही मी वरिष्ठांना, डॉ. हॅस्किन्सना, सांगून टाकलं आहे.

मात्र जे भिंतीवर लावलंय ते सांगायला हरकत नाही. तुमच्या वेळचे दिवस गेले. चिठ्ठीवर विकलेला घोडा आम्ही शर्यतीनंतर तासाभरात तपासतो, चालवून आणि दुडक्या चालीने पळवून. लंगडला तर सौदा रद्द, घोडा जुन्या मालकाकडे परत. दुखरा घोडा दुसऱ्याच्या गळ्यात मारता येऊ नये, म्हणून हा नियम. ज्याला लंगडा निघाला तरी हवाच असतो, त्याच्यासाठी चिठ्ठीच्या तळाशी एक चौकट आहे. तिच्यात खूण करायची. चष्मा लावून वाचा, डॅडी. खिशात ठेवून नव्हे.

माया असू द्या, नुसते टोमणे नकोत.

तुमची,
लेनी

रिव्हर फोर्ड
१५ ऑक्टोबर २०२३

ती. डॅडींना,

सा. न. वि. वि. काल तुम्ही तसेच निघून गेलात. ट्रकच्या मागे धावले, पण तुम्हाला हाका ऐकू येत नाहीत हे विसरलेच.

तुम्ही तपासणीच्या तबेल्यात आईची जुनी चामडी म्होरकी घेऊन त्याला घरी न्यायला उभे होतात. बिस्किट तिसरा आला होता, घामाने निथळत होता, आणि तुम्हाला पाहून त्याने कान टवकारले. मी त्याला दुडक्या चालीने पळवायला सांगितलं. डावा पुढचा पाय टेकला की मान वर. जाताना तेच, येताना तेच. तुमच्याकडे पाहिलं असतं तर माझ्याने लिहवलं नसतं, म्हणून पाहिलं नाही. हॅस्किन्सना बोलावून पुन्हा दाखवला. तेही लंगडाच म्हणाले.

खूण का केली नाहीत? कारकुनाने मला नंतर सांगितलं, की त्याने चौकटीवर बोट ठेवून दाखवलं होतं आणि तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं डोळ्यांनी पारखून घोडे घेतलेत, लंगडा चालेल असं लिहून देऊ काय?" एवढा ताठा, डॅडी. आणि घोडा गेला त्याच्या मालकिणीच्या, मिसेस जेनेलच्या, तबेल्यात परत. मी गाडीत बसून खूप रडले. पण लिहिलं ते खरंच लिहिलं.

तुमची,
लेनी

रिव्हर फोर्ड
२९ ऑक्टोबर २०२३

ती. डॅडींना,

सा. न. वि. वि. दोन आठवडे उत्तर नाही. बाटली धुऊन ठेवली आहे. भरून मिळणार नसेल तर निदान तसं तरी कळवा. तुमच्या शेजारणीला फोन केला होता, ती म्हणाली म्हातारा जेवतोय आणि कुंपण दुरुस्त करतोय. कुंपण कशाला, ते तिला ठाऊक नाही. मला झोप नीट येत नाही.

तुमची,
लेनी

कोल्ड ब्रँच
५ नोव्हेंबर २०२३

चि. लेनी,

अनेक आशीर्वाद. रागावलो होतो, पण तुझ्यावर नाही, हे आधी लिहितो.

गेल्या आठवड्यात मिसेस जेनेलकडे जाऊन आलो. मला वाटलं होतं बाई दाराबाहेर काढेल. तिने कॉफी दिली आणि गुडघ्याचा एक्सरे दाखवला. केसाएवढी चीर आहे. अजून एक शर्यत झाली असती तर पाय मोडून तिथेच गेला असता, असं तिचा डॉक्टर म्हणाला. तुम्ही सरकारी डॉक्टरांनी पास केल्याशिवाय तो आता धावू शकत नाही, आणि तिला ते करायचंही नाही. घेऊन जा म्हणाली, फक्त पुन्हा शर्यतीत उतरवणार नाही असं कागदावर लिहून दे. ह्या वेळी चष्मा लावून, प्रत्येक ओळ वाचून सही केली. काल बिस्किटला घरी आणला. सहा महिने विश्रांती, मग कुरण.

आता जे तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही ते लिहितो. पाच वर्षांपूर्वी त्याला शर्यतीत उतरवला, त्या सकाळी त्याचा हाच गुडघा माझ्या हाताला गरम लागला होता. तुझ्या आईच्या हॉस्पिटलची बिलं टेबलावर पडली होती. कुणी नेला तर बरं, असं मनात होतं. शर्यतीनंतर तो लंगडला. मी पाहिलं, नवीन मालकाच्या मोतद्दाराने पाहिलं, आणि कुणी काही बोललं नाही. तेव्हा तिथे बघायलाच कुणी नव्हतं. ओपलला सांगितलं, कुणीतरी नेला, माझा काय इलाज.

तपासणीच्या तबेल्यात तू माझ्याकडे न बघता लिहीत होतीस, तेव्हा मला एवढंच सुचत होतं. त्या दिवशी तुझ्यासारखी कुणी तिथे उभी असती, तर सौदा रद्द झाला असता. संध्याकाळी मी घोडा घरी आणला असता, आणि तुझ्या आईला शेवटच्या दिवसांत तो खिडकीतून दिसला असता.

येऊन जा. माझ्यावरची माया आटली नसेल तर.

तुझा,
डॅडी