वर्गाच्या दारावरची लाल झेंडी

बाई, तुमची लाल झेंडी काल मी कायमची बंद केली. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि तुमच्याच वर्गात, तुम्ही दारावर ठोकलेला तिचा खिळाही मी उपटला. झेंडीचं कापड नवं आहे, नई सडकच्या बाजारातून आणलेलं, पण रीत तुमचीच: सगळा वर्ग हजर असेल त्या दिवशी झेंडी दारावर, एक जरी मूल आलं नाही तर खाली. ही रीत मी जिवापाड जपली होती.

माझ्या तिसरीतली एक मुलगी चार दिवसांपासून दवाखान्यात आहे. फ्लू छातीत उतरला, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. मी हबकूनच गेले, कारण या थंडीत शाळेत फ्लू पसरू नये म्हणून मी काय नाही केलं! गारठ्यातही खिडक्या उघड्या ठेवल्या, नळापाशी साबण ठेवला, कोपरात खोकायला शिकवलं, आणि रोज सकाळी फाटकात उभी राहून प्रत्येकाच्या कपाळावर ती थर्मामीटरची बंदूक धरली. हिचा ताप एकदाही दिसला नाही. तिच्या आईला मी जरा चिडूनच विचारलं, घरी तुम्हाला कळलं नाही का? ती म्हणाली, "मॅडम, बुखार तर सोमवारपासूनच होता. मी म्हटलं, छुट्टी घे. तर रडायलाच लागली, 'मम्मी, मेरी वजह से झंडी उतर जाएगी, सब मुझसे कट्टी कर लेंगे.' मग काय करणार, सकाळी दवाई पाजून पाठवत होते." औषधाने ताप दोन-तीन तास दबतो, तेवढ्यात फाटक पार होतं. मग दिवसभर ती बाकावर दाटीवाटीने बसून खोकत राहिली. आता आणखी नऊ मुलं अंथरुणात आहेत.

तुमच्यावर रागवायचं ठरवून लिहायला बसले होते, पण जमेना, डोळ्यांपुढे सारखं तेच येतं: मी नऊ वर्षांची आहे, दाना ओली गल्लीतल्या आमच्या खोलीत गोधडीत पडलेय, अंग तापलंय, आणि तुम्ही दारात उभ्या. आई म्हणते, "बाई, हिला बुखार आहे हो." तुम्ही म्हणता, "ताप काय, येतो नि जातो. बुडालेला धडा परत येत नाही." तुमची शाल माझ्याभोवती गुंडाळून तुम्ही मला हाताला धरून नेता. वर्ग टाळ्या वाजवतो, झेंडी दारावर लागते. इतका भाव मला पुन्हा कधी कुणी दिला नाही. पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग आजारी पडला होता, हे मात्र मला कालपर्यंत आठवलंसुद्धा नव्हतं. मी झेंडी चालवली ती त्या टाळ्यांसाठी.

आज मुलांना सांगितलं, ताप असेल त्याने घरीच राहायचं, झेंडी आता लागणार नाही. पहिल्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मॅडम, तो अब जीतेगा कौन?" झेंडी लागली की आपण जिंकलो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेले, तर नळी काढली होती. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी तिथल्याच खुर्चीवर बसून ढसाढसा रडले. तिच्या आईनेच मला पाणी आणून दिलं. "मॅडम, तुम्ही किती करता हो मुलांसाठी," म्हणाली.

बाई, त्या सोमवारच्या आधी, शुक्रवारी आणि शनिवारी, ताप मला होता. मीही सकाळी गोळी घेऊन आले होते. शनिवारी तिला भागाकार येईना म्हणून शेजारी बसवून, तिच्याच पाटीवर वाकून मी तासभर शिकवला. फाटकातली बंदूक माझ्याच हातात असते, माझ्या कपाळावर ती कोण धरणार? हे मी तिच्या आईला सांगितलं नाही. तिने दिलेलं पाणी प्यायले आणि घरी आले.

हे पत्र खरं तर तिच्या आईला लिहायचं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते पोचणार नाही.