फळीची खालची बाजू

बाबा, आमच्या कोलशेतच्या प्रयोगशाळेत लाकडावर वीज तयार होते हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात आणि मग फळी बघायला मागितली असतीत. सागाच्या पातळ फळीवर आम्ही पाणी न धरणारा थर देतो. थेंब त्यावरून घरंगळतात, घरंगळताना किंचित वीज निघते आणि खाली चिकटवलेल्या तांब्याच्या पट्टीतून एका बारीक दिव्याला मिळते. तो पहिल्यांदा लुकलुकला तेव्हा मला तुम्ही आठवलात. पॉलिश वाळलं की तुम्हीही बोटाने पाण्याचा एक थेंब सोडून तो उभा राहतो का ते बघायचात.

मी सातवीत असेन. मानपाड्याच्या तुमच्या सुतारकामाच्या गाळ्यात आईच्या स्वयंपाकघरासाठी केलेला पाट तुम्ही मला पॉलिश करायला दिलात. मी वरची बाजू आरशासारखी केली आणि खालची तशीच सोडली. तुम्ही पाट उलटा केलात.

"हे काय गं?"

"खालून कोण बघतंय?"

"पाणी बघतं. एका बाजूने ओल प्यायला की पाट वाकणार. कर परत."

मी रडत रडत केला. तुम्ही जवळ बसून राहिलात, पण हात लावला नाहीत. किती राग आला होता मला तुमचा!

आणि आता मीच सगळ्यांना सांगितलं की थेंब वरच पडतात, खाली थर द्यायची गरज नाही. महिन्याभरात फळी वाकली, पट्टी सुटली, दिवा गेला. तेही प्रयोगाला पैसे देणाऱ्या कंपनीची माणसं बघायला आलेली असताना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, लाकूडच ओलं आलं.

फळ्या देणारे विठ्ठलवाडीचे सुतारकाका दुसऱ्या दिवशी आले. तुमच्याच वयाचे असतील, म्हणजे तुम्ही असतात तर. त्यांनी फळी उलटी केली, अंगठा फिरवला.

"ताई, खालून काय लावलेलं का?"

"लावलेलं," मी म्हणाले.

त्यांना कळलेलं होतं, बाबा. फळी ठेवून, चपला घालून ते निघून गेले. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्यांचं काम बंद केलंय. सुताराच्या मुलीनेच सांगितल्यावर कोण शंका घेणार? लाज वाटते मला.

तो पाट अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. आज उलटा करून पाहिला. इतकी वर्षं ओल्या फरशीवर राहूनही सरळ आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच इतकं लिहिता आलं. तुम्ही आता रागावणार नाही, हे मला ठाऊक आहे. सुतारकाकांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि तो मी अजून लावलेला नाही.