घिस्सा ७ : शांत म्हैस

३ जून, सकाळी ८
निर्णय झाला. 'घिस्सा' हा आमचा कुस्तीचा मोबाईल गेम. बारा वर्षं, सहा भाग. सातव्यात कुस्ती नाही. म्हैस पाळायची. वैरण, आंघोळ, धार. एकदम रिलॅक्सिंग. मार्केटची मागणी आहे. थोरला भाऊ सम्राटदादा फेब्रुवारीत गेला, त्याचा याच्याशी संबंध नाही. सहाही भागांत ओरडणारा आवाज त्याचा होता. म्हशीला ओरडणारा लागत नाही. १५ ऑगस्टला रिलीज.

४ जून
मोनावहिनींना प्लॅन सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, "भावजी, ह्यांचा आवाज ऱ्हाणार न्हवं?" टेक्निकल अडचण आहे म्हटलं. त्यांनी न विचारता ताटात तिसरी भाकरी टाकली. म्हणजे पटलं.

१२ जून
दादाच्या आवाजाच्या फाइल आज डिलीट करणार. १८४ आहेत. आधी एकदा ऐकाव्या लागतील. कान दुखतोय. उद्या.

१३ जून
कान बरा. लाइट गेली.

२० जून
नवं काही लिहायचं नाही. जुन्याच गेममध्ये पैलवान काढून तिथे म्हैस बसवली. दोन महिन्यांचं काम एका आठवड्यात. दादा असता तर आळशी म्हणाला असता. तो नाही, म्हणून वेग आहे.

२९ जून, सकाळी ७
तालमीत केरबा वस्तादांना गेम दाखवला. दादाला कुस्तीचे पहिले डाव यांनीच शिकवले. म्हणाले, "विश्वा, म्हशीला लंगोट कशाला रं?" झूल आहे म्हटलं. मग धार काढायला घेतली तर म्हशीने शड्डू ठोकला. पोरं हसून लोळली. मी नोंद घेतली : किरकोळ दुरुस्त्या, दोन.

नंतर म्हैस चिखलात लोळली. पाठ मातीला लागली. गेमच्या हिशोबाने चितपट. खेळ संपला आणि फोनमधून दादा ओरडला, "झाली कुस्ती! ऊठ, आंग झाड, दूध पी जा!"

वस्तादांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "परत लोळीव."
अकरा वेळा लोळवली. गंभीर बग. आजच काढतो.

५ जुलै
बग एका ओळीचा आहे. एवढ्याशा कामाला वेगळा दिवस हवा. आज कीबोर्ड साफ केला.

१८ जुलै
पावसामुळे नेट स्लो. बगला नेट लागत नाही, पण मूड लागतो.

२ ऑगस्ट
वहिनींनी टेस्टिंगला मागितला. आवाज काढलेला नाही हे सांगायचं राहून गेलं.

३ ऑगस्ट, दुपारी
वहिनी कालपासून फक्त म्हैस लोळवतायत. वैरण नाही, पाणी नाही. म्हैस उपाशी मरेल म्हटलं. म्हणाल्या, "मरू दे. पाच-सहा म्हैन्यात एकदा तरी रडलायसा का तुमी? बसा हितं."

बसलो. चौदा वेळा ऐकलं. कान दुखला नाही.

१५ ऑगस्ट
रिलीज पुढे. लंगोट काढला. शड्डू वस्तादांच्या आग्रहामुळे राहिला. आवाज कायम. मार्केटची मागणी आहे. सध्या मार्केट स्वयंपाकघरात भाकऱ्या थापतंय आणि फोन ओट्यावर ठेवून म्हैस लोळवतंय.

दादा परत ओरडला. उठलो. दूध प्यायलो.