संशयास्पद फंडाचा संगमरवर

३ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची चरित्रं लिहिणाऱ्यांचे पुढे फार हाल होतात. माझ्या बाबतीत तसं नको.
आमच्या धर्मादाय संस्थेच्या सभेत आज देणगी-शुद्धता कमिटी स्थापन झाली. अध्यक्ष मी. सदस्यही मीच. ठराव वाचून दाखवेपर्यंत बाकीचे चहा संपवून निघून गेले होते. म्हणजे विरोध कोणाचाच नाही. जन्मभर कॉमर्स शाळेत हिशेब शिकवला. अख्ख्या दमियात गावात पैशाचं कूळ माझ्याइतकं कोणाला कळणार?
नियम पहिला: पैसा आला कुठून, हे विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

५ सप्टेंबर
कामाचा धडाका. कहवाखान्याच्या फतूहने पाकीट आणलं. हुक्क्याचा पैसा! परत. लग्नात गाणाऱ्या सनिय्याबाईने पाकीट आणलं. तेही परत. बाई म्हणाली, "उस्ताज रिफअत, तुमच्या मुलीच्या लग्नात मीच गायले होते. तुम्ही तर खुर्चीवर चढून नाचत होतात." मुद्दा सोडून बोलण्याची लोकांना सवयच आहे.
संस्थेच्या दवाखान्यात एकच डॉक्टर आहे, नरमीन. वयाने लहान, जिभेने नाही. म्हणते, दम्याचं मशीन बंद पडलंय, गावातल्या निम्म्या सुतारांच्या छातीत लाकडाचा भुसा आहे, आणि तुम्ही पाकिटं परत करताय? तिला समजावलं, मशीन येईल, पण स्वच्छ पैशातून येईल. ती दार आपटून गेली. दार दुरुस्त करायला हवं.

९ सप्टेंबर, संध्याकाळ
तोडगा सापडला! टीव्हीवर एक विद्वान फोनवर कोणाला तरी सांगत होते की नकोसा पैसा सार्वजनिक संडास, रस्ते अशा कामांत घालावा. पुढेही काहीतरी बोलत होते, पण बायकोने, इहसानने, चॅनेल बदललं. एवढ्यावर भागतं.
नियम दुसरा: यापुढे दोन फंड. शुद्ध फंडातून दवाखाना. संशयास्पद फंडातून फक्त संडास. एक पौंडही इकडचा तिकडे होणार नाही.

१४ सप्टेंबर
मशिदीत शेख अब्दुलबारींना योजना सांगितली. ते हसले. म्हणाले, "अहो, पुढचं ऐकायचंत ना! गरिबाला दिला तरी चालतो. आजारी गरिबाला तर आधी द्यावा. मला विचारायला काय झालं होतं?" शेख भला माणूस. पण ढिला. नियम बदलायचा नाही.

२ ऑक्टोबर
कमिटीचा गवगवा झालाय. ज्याला ज्याला आपला पैसा टोचतो तो आमच्याकडे येतोय. पोर्ट सईदहून एक व्यापारी आला, थैली ठेवली, रिसीटही न घेता पळाला. औषधवाल्याची, कंत्राटदाराची चौकशी करून दोघंही संशयास्पद ठरवले. वकिलाला चौकशीशिवाय.
शुद्ध फंडात अजून फक्त माझी वर्गणी.
आमच्या खालच्या मजल्यावर कारागीर उस्ता शाबान राहतो, फर्निचरला वॉर्निश मारतो. हल्ली जिन्यात मध्येच बसतो. आज धापा टाकत विचारत होता, मशीन कधी येतंय? म्हटलं, शुद्ध फंड भरला की लगेच. म्हणाला, "मग माझ्या नातवाला सांगून ठेवतो." आजारपणातही विनोदबुद्धी शाबूत आहे, हे चांगलं लक्षण.

१९ ऑक्टोबर
शुद्ध फंडात पहिली मोठी देणगी! संस्थेचे अध्यक्ष हाजी मुतवल्ली यांच्याकडून. फर्निचरचा सर्वांत मोठा कारखाना त्यांचा, हज पाच वेळा. त्यांना काय विचारणार? देणगी रोख नाही, वस्तुरूप आहे: एक सोनेरी खुर्ची. पायांना सिंहाचे पंजे, पाठीला मखमल. शुद्धता कमिटीच्या अध्यक्षाला शोभेल अशी. मी तिच्यावर बसून स्वीकारली.
नरमीनने विचारलं, "ही खुर्ची कोणी पॉलिश केली माहितीये? शाबानने. बंद खोलीत, तोंडाला साधं फडकं नाही. हाजींना विचारलंत, मास्क का देत नाहीत?" मी शांतपणे सांगितलं की कमिटी पैशाचा उगम बघते, धुळीचा नाही.
खुर्ची आरामशीर आहे. वॉर्निशच्या वासाने डोकं जरा चढतं.

१२ नोव्हेंबर
संडास पूर्ण. पैसा मात्र संपत नाही! संगमरवर झाला, गरम पाणी झालं, हात पुढे केला की सुरू होणारे नळ झाले. मग हीटर, जनरेटर. तरी उरला म्हणून झुंबर. दवाखान्याच्या छपरातून पाणी गळतंय. नरमीनने एक हीटर उसना मागितला. नियम दोन दाखवला.

२५ नोव्हेंबर
थाटात उद्घाटन. मशब्बक मिठाई वाटली. फीत मी कापली. पेपरवाल्याने फोटो काढला, पण छापला झुंबराचा.

६ डिसेंबर
दुपारी जिन्यात आरडाओरडा. शाबान पडला होता. ओठ निळे. त्याची बायको हाका मारत होती, "उस्ताज! अहो उस्ताज, खाली या!" मला जोडे सापडेनात. नरमीन आणि इहसानने त्याला टुकटुकमध्ये घालून सरकारी हॉस्पिटलात नेलं. मी खिडकीतून पाहिलं.
वाचला. तिथले डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं.
मला फार भीती वाटली. जोडे दारातच होते.

७ डिसेंबर
जेवताना इहसान एकदम म्हणाली, "आपलं घर कशावर चालतं हो?"
म्हटलं, पेन्शनवर. आणि बँकेतल्या ठेवीच्या सर्टिफिकेटांवर.
"त्यांचं दर महिन्याला येतं, ते काय असतं?"
नफा, म्हटलं.
"सनिय्याचं गाणं संशयास्पद, फतूहचा हुक्का संशयास्पद, आणि धर्माने मना केलेलं आपलं व्याज मात्र नफा? तुमची वर्गणी कुठल्या फंडात टाकलीत?"
म्हटलं, हा तांत्रिक प्रश्न आहे.
"बरं, मग ही मुलुखियाची भाजी आणि ही कोंबडी कुठल्या फंडातली? ताट घेऊन संडासात बसू का?"
मी कोंबडी संपवली. अन्न टाकणं वाईट.
मग म्हणाली, माझ्या वडिलांनी माझ्या नावावर ठेवलेलं सर्टिफिकेट मोडते आणि दम्याचं मशीन आणते. मी ठाम राहिलो. बायकोचा असला तरी पैसा संशयास्पद, आणि संशयास्पद पैसा संडासावरच खर्च होईल. तिने ताटं उचलली. मग म्हणाली, "बरं. तुमच्या नियमाप्रमाणे."
आमच्या संसारात ती पहिल्यांदाच वादात हरली. सौम्यपणे वागायचं ठरवलं आहे.

१० डिसेंबर
मशीन आलं. संडासात बसवलं.
मी धावत गेलो. नरमीन म्हणाली, "उस्ताज, संशयास्पद पैसा, संडासाचं सामान. नियम दोन." संगमरवरी कट्ट्यावर शाबान तोंडाला मास्क लावून बसला होता. छाती भरून श्वास घेत होता. मला पाहून त्याने हात वर केला. खरं सांगायचं तर त्याला तसं बसलेलं पाहून बरं वाटलं.

१३ डिसेंबर
प्रकार हाताबाहेर जातोय. तपासायचं टेबल: संडासाचं सामान. औषधांचं कपाट: संडासाचं सामान. दोन खाटा, नर्सचा पगार, गावभरच्या सुतारांसाठी मास्कचे खोके: सगळं संडासाचं सामान, सगळं संशयास्पद फंडातून. सनिय्याबाईने आणखी एक पाकीट आणलं आणि इहसानने ते माझ्यादेखत घेतलं. हाजींकडे तक्रार केली. ते म्हणाले, नियम तुमचाच आहे. बिलांवर सह्या त्यांनी आधीच केल्या होत्या. मास्कच्या खोक्यांचं बिल त्यांनी वाचलं नसावं.
दवाखान्याच्या जुन्या खोलीत आता मी, सोनेरी खुर्ची आणि गळकं छप्पर.

१५ डिसेंबर
सकाळी तामियाची भजी जरा जास्त झाली. अकराच्या सुमारास संस्थेत पोटात कळ आली. अंगणातून पळत संडासाशी गेलो. दारापर्यंत रांग. दारात इहसान नंबराच्या चिठ्ठ्या देत होती. म्हणाली, आत पेशंट आहेत. म्हटलं, मी कमिटीचा अध्यक्ष आहे, आणि हा संडास आहे! म्हणाली, "छातीचा त्रास आहे का? नाही ना? मग बाजूला व्हा, बायामाणसं उभी आहेत."
तसाच मशिदीच्या संडासाकडे धावलो. दारात शेख अब्दुलबारी. "उस्ताज, तुमचं ते झुंबराचं सोडून इकडे कुठे?" म्हटलं, तिथे आता दवाखाना आहे. शेखांचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "एवढं मोठं मन! मी तुम्हाला ओळखलंच नाही हो." आणि आशीर्वाद देऊ लागले, सावकाश, एकेक करून.
मला घाई होती, म्हणून खुलासा केला नाही. आशीर्वाद संपेपर्यंत घाई उरली नव्हती. शेखांच्या घरून धुतलेला पायजमा मागवावा लागला.