घर नंबर एक

१८ नोव्हेंबर १९६८, सोमवार

हेडमास्तरांनी शेवटी सही केली. त्यांच्या खोलीत पाऊण तास बोललो. अकरावीची मुलं विहिरीवर निबंध पाठ करतात आणि गावच्या विहिरीत पाणी किती हे त्यांना सांगता येत नाही, याची लाज कुणाला वाटायची? ते चष्मा पुसत राहिले. मग, "अहो वक्ते, बोर्ड विहिरी तपासत नाही, उत्तरपत्रिका तपासतं. मार्चमध्ये मुलं आपटली तर..." पुढचं गिळलं. सही मात्र झाली.

उच्च गणित घेतलेली अठरा मुलं. उमरोळीच्या पूर्वेचा खडकपाडा. प्रत्येक घरापासून पाणी किती लांब, कुठल्या विहिरीचं, दर पंधरवड्याला किती उतरतं. मोजणार मुलं, नकाशा काढणार मुलं. मी नुसता बरोबर.

२४ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर पाड्यावर. पाय मोडून आलेत, पण झोपावंसं वाटत नाही.

आधी आंब्याखाली सगळ्यांना जमवलं. तासभर बोललो. विज्ञान, देश, उद्याचा दिवस. कुणी खोकलं नाही, हललं नाही. एवढे एकाग्र श्रोते पालघरच्या व्याख्यानमालेतही मिळत नाहीत.

मग काम. दोरीला हाताहातावर गाठी मारून विहीर मोजली. एकजण म्हणाला, "सर, मार्चमध्ये ही दोरी घेऊन जाऊ देतील का?" बोईसरहून येणाऱ्या शालिनीचं अक्षर सुरेख (वडील साताऱ्याकडचे, समुद्राकाठच्या सरकारी वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरीला). तिने प्रत्येक घराच्या खांबावर गेरूने आकडा घातला, भोवती गोल. रस्त्याकडून पहिलं घर बुधीचं. विधवा बाई, मुलगा जान्या, सून. घर क्र. १.

माहिती खरी याला पुरावा हवा, म्हणून प्रत्येक घराचा अंगठा वहीत घेतला. कल्पना माझी. हे.मा. ना दाखवायला बरं.

२९ नोव्हेंबर, शुक्र.

नकाशा वर्गाच्या भिंतीवर. हे.मा. दोन मिनिटं उभे राहिले. "बरा आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पद्मभूषण.

८ डिसेंबर, रविवार

दुसरी मोजणी. झाली नाही.

घर क्र. १ नाही. जळलं नाही, पडलं नाही. नाहीच. खांबांचे खड्डे, चुलीचे दगड, सारवलेली जमीन अजून स्वच्छ. कुडाच्या कारव्यासुद्धा नेलेल्या. मला वाटलं, आपण चुकीच्या पाड्यावर आलो.

शेजारचा रामजी माझ्याकडे बघेना. शेवटी म्हणाला, "गेली ती. वासं घेऊन गेली, लेकीकडं."

"पण का?"

"का म्हंजे? तुमीच त आकडा घातला."

मी आधी हसलोसुद्धा. मग त्याने बोटांवर मोजून दाखवलं. "तिकडं दर्याकाठी असाच झाला. आधी सायब आला, झाडाखाली बोलला, लय बोलला. मंग खांबावर आकडा, गोल काडून. मंग अंगठा. मंग घर नाय. बुधीची बहीन व्हती तिकडं. तुमी बी तसाच केला. पयला आकडा कोनाचा? बुधीचा."

"मग तुम्ही कसे थांबलात?"

"आमी बघतो हाय. दोन नंबर माजा."

परतताना रुळांच्या कडेने चालत आलो. गाडी धरली नाही. एकही वाक्य पूर्ण होईना डोक्यात.

९ डिसेंबर, सोम.

शालिनीला विचारलं, आकड्याभोवती गोल का काढलास? "बाबा काढायचे, सर. आम्ही इकडं आलो तेव्हा ते मोजणीवर होते. मला वाटलं, घराला नंबर असाच घालतात." आणि रडायला लागली. तिच्यावर रागवायचं कोणत्या तोंडाने? गोल तिचा. अंगठा माझा. भाषण माझं. ते एकाग्र श्रोते! घाबरलेली माणसं होती ती. मी तासभर त्यांना घाबरवत होतो आणि मनात स्वतःलाच टाळ्या देत होतो.

१० डिसेंबर, मंगळ.

तालुका कचेरीत गेलो. तिथे दत्तूभाऊ कारकून, माझा शाळेतला सोबती. बुधीचं नाव काढताच त्याने मान वर केली.

तिच्या जमिनीचा कूळकायद्याचा दावा मामलेदारांपुढे आहे. ज्याची जमीन तो शेठ म्हणतो, ही बाई कसत नाही, तिथे राहतसुद्धा नाही. सोमवारी, १६ला, तलाठी जागेवर पाहणी करणार. घर दिसलं, माणसं दिसली, तर जमीन तिची व्हायचा रस्ता मोकळा. ओसाड दिसलं तर...

"शेठ दोन वर्षं तिला उठवायला बघतोय," दत्तूभाऊ म्हणाला. "तू एका रविवारात उठवलीस."

मग तोच म्हणाला, "तुझ्या वहीत तारीख आहे ना? अंगठा आहे? मग घर लाव तिचं परत, आणि वही ठेव तलाठ्यापुढे. पंधरा दिवसांपूर्वी बाई इथे राहत होती, शेताच्या विहिरीचं पाणी पीत होती. शेठचा वकील काय बोलेल त्यावर?"

११ डिसेंबर, बुध.

हे.मा. ना सगळं सांगितलं. "वही कपाटात ठेवा. तपासणीला दाखवायची आहे. आणि शाळेचं नाव कचेरीत नको." म्हटलं, एका बाईची जमीन जातेय. म्हणाले, "विहिरी मोजायची परवानगी दिली होती, माणसं हलवायची नाही." खरंच आहे.

१३ डिसेंबर, शुक्र.

अर्धी रजा. मासवणपर्यंत एस.टी., पुढे सूर्या नदी पार करून लेकीचं गाव. बुधी भात सडत होती. मागे कुडाला तिच्या घराचे खांब टेकवलेले. एकावर १, भोवती गोल. रंग किती पक्का लावला होता पोरीने.

बोललो. सगळं सांगितलं. चूक कबूल केली, तारीख सांगितली, हात जोडले. तिने मुसळ थांबवलं नाही. "तू बोलतंस लय बरा, मास्तर. तवा बी बरा बोललास."

मग, "वही कुठं हाय?"

"शाळेत."

"ती जाळ. माज्यासमोर जाळ. मंग येन."

सांगितलं, तीच वही तुझी जमीन वाचवेल, तुझा अंगठा आहे तिच्यात. यावर जान्या पहिल्यांदा बोलला. "अंगठ्यानी कोनाला जमीन भेटली काय? आज्याची गेली ती अंगठ्यानीच."

उत्तर सुचलं नाही. मला!

जाळली तर ती परत येते, पण हातात काही नाही. न जाळली तर पुरावा आहे आणि उभं राहायला बाई नाही.

१४ डिसेंबर, शनि.

वर्गाला सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही सांगा. एकजण म्हणाला, नक्कल करू आणि मूळ जाळू. दुसरा म्हणाला, नकलेवर अंगठा कुठला आणणार? मग मागच्या बाकावरून, "सर, दुसरीच एखादी वही जाळून दाखवू. तिला काय वाचता येतं!"

त्याच्यावर असा ओरडलो की शेजारचा वर्ग थांबला. ओरडलो, कारण काल एस.टी.त हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. लिहून ठेवतो. मी, जो गणेशोत्सवात सत्यावर दीड तास बोलतो.

शालिनी उभी राहिली. "वही त्यांना देऊन टाकू. जाळायची तर त्या जाळतील, ठेवायची तर ठेवतील. अंगठा त्यांचा आहे."

"आणि तुमचं एवढं काम?"

"काम आमचं, असं तुम्हीच म्हणाला होतात, सर. मग वहीपण आमची."

सतरा हात वर. अठराव्याने विचारलं, "याचे मार्क मिळणार होते का?" नाही म्हटल्यावर त्याचाही.

हे.मा. ना विचारलं नाही. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे असते.

१५ डिसेंबर, रवि.

शालिनी तिच्या वडिलांना घेऊन आली. मी बोलावलं नव्हतं. बुधीच्या लेकीच्या अंगणात ते टोपी काढून उभे राहिले.

"बाई, दर्याकाठचे आकडे मी घातले हुते. ह्यो माझ्या पोरीनं, माझं बघून."

बुधीने त्यांना निरखून पाहिलं. "तू व्हतास तो?"

"व्हय."

"मंग हा सरकारचा नाय?"

"न्हाई. पोरांनी अभ्यासापायी घातला. सरकारी असता तर मीच सांगितलं असतं, खांब काढून ठेव म्हणून. तिकडं न्हाई सांगितलं मी कुणाला."

शालिनीने पहिलं पान वाचलं. घर क्र. १, बुधी, माणसं तीन, पाणी शेताच्या विहिरीचं, घरापासून पावलं इतकी. मग वही तिच्या हातात दिली. बुधीने अंगठ्याचा डाग शोधला, त्यावर आपला अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. जान्या म्हणाला, "आय, चूल पेटलेली हाय." तिने वही पदरात गुंडाळली. उद्याची पाहणी किती वाजता, तेवढं दोनदा विचारलं.

मी एक शब्द बोललो नाही. परतताना शालिनीच्या वडिलांनी विचारलं, "सर, तब्येत बरी न्हाई का?"

१६ डिसेंबर, सोमवार

बांधावर बसून पेन्सिलीने लिहितोय. हे.मा. ना चिठ्ठी पाठवली आहे. त्यात सगळं खरं लिहिलंय, वहीसुद्धा. उद्या काय ते उद्या.

तलाठी दहाला आले. बरोबर शेठचा मुनीम, छत्री घेऊन. तलाठ्यांनी कागदावर तारीख घातली आणि विचारलं, "मास्तर, घर कुठाय?"

"येतंय."

मुनीम हसला. "घराला पाय फुटले काय?" पाड्यावरचं कुणी हसलं नाही. रामजी आपल्या खांबाला पाठ लावून बसलाय, दोन नंबर झाकून.

तलाठी भला माणूस दिसतो. पेनाला टोपण लावलं. "बारापर्यंत बसतो. मग मात्र जे दिसेल ते लिहीन."

साडेअकरा. शालिनी नदीच्या वाटेवर पुढे गेलीय, दिसत नाही. तलाठी मधूनमधून माझ्याकडे बघतात, नुसती भुवई वर करतात.

"येतंय," मी म्हणतो.