म्हैस, खेकडा आणि आत्याबाईंचा सरवा

२४ ऑक्टोबर
आमच्या बायांच्या बचत गटाची बैठक आमच्याच ओसरीत. चहा दोनदा. धान कापायचं मशीन घ्यायचं हे गेल्या वर्षीच ठरलं, पण कोणतं, यावरून आज पुन्हा भांडण. दोन कंपन्यांची माणसं येऊन रंगीत कागद देऊन गेली. दोघांचंही मशीन कागदावर जगात पहिलं. अध्यक्ष शोभा म्हणाली, कागद चुलीत घाला, दोन्ही भाड्यानं बोलवा अन् आपल्या बांध्यांमध्ये, धानाच्या वाफ्यांमध्ये, चालवून पाहा. बऱ्याच दिवसांनी तिचं म्हणणं मला पटलं. तिला सांगितलं नाही.

कंपन्यांची नावं आमच्यात कुणाच्या जिभेवर बसत नाहीत. मोठ्या चाकांचं उंच मशीन ते म्हैस. रबरी पट्ट्यांवर सरपटणारं बुटकं मशीन ते खेकडा. इथं पुढं नुसतं म. आणि खे.

२६ ऑक्टोबर
परीक्षेची कामं वाटून घेतली. डिझेल शोभा बघणार, तणस अन् दुरुस्ती बाकीच्या. माझ्याकडे सांड, म्हणजे कापताना मशीनच्या मागं किती दाणा मातीत जातो ते. कंपनीचा माणूस म्हणाला होता की चौकट ठेवून आतले दाणे मोजा. शोभा म्हणाली, आपण कोंबड्या आहोत काय.

मग मलाच सुचलं. भीमाआत्याबाईंना मशीनच्या मागं सोडायचं. ज्याच्यामागे त्यांची ओटी कमी भरेल ते मशीन चांगलं. सगळ्यांना एकदम पटलं.

आत्याबाई म्हणजे यांच्या आत्या. आमच्याच आवारात राहतात, पण खोली वेगळी, चूल वेगळी. जमीन नाही, मूलबाळ नाही, सत्तरी केव्हाच ओलांडली. कापणी झाली की प्रत्येकाच्या बांधीत जाऊन पडलेल्या लोंब्या अन् दाणे वेचतात. त्या सरव्यावर त्यांचं वर्षभराचं भाताचं भागतं. सरव्याला गावात कोणी कोणाला नाही म्हणत नाही अन् कोणी विचारतही नाही. आमच्या घरून भाजी घेतील, ताक घेतील, तांदूळ कधीच नाही. त्यांच्या नजरेतून दाणा सुटायचा नाही, म्हणून तर सुचलं. दिवसभर स्वतःवर खूश होते.

३ नोव्हेंबर
म. आली. वरच्या बांध्यांत हलका, म्हणजे लवकर येणारा धान पिकलाय, तिथं चालवली. ड्रायव्हर पंजाबचा, गाणी मोठ्यानं लावणारा. चाल झकास. आम्ही चौघी-पाचजणी विळे घेऊन दोन दिवस वाकलो असतो ते काम पोळ्या भाजून होईपर्यंत उरकलं. टाकी मोठी, सारखी रिकामी करावी लागत नाही. तणस लांबच्या लांब, ओळीनं पडतं. आमच्या गोऱ्ह्यानं लगेच तोंड घातलं, त्याचं मत म. ला.

आत्याबाई लुगडं खोचून मागं मागं. ओटी भरली, मग पदर भरला, मग माझी टोपली मागून घेतली. चेहरा असा फुललेला की मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला पुढं जागा मिळाली तरी इतक्या फुलत नाहीत. म्हणाल्या, "मोठं दिलदार मशीन हाये हे."

सांड पुष्कळ, असं मी सगळ्यांना सांगितलं. सांगताना काही वाटलं नाही.

५ नोव्हेंबर
म. ला तलावाखालच्या बांधीत नेलं. आमच्या अर्ध्या गटाचा भारी, उशिरा येणारा धान तिथंच असतो, अन् तिथली माती कापणीपर्यंत ओलीच. जराशी पुढं गेली अन् बसली. नावाप्रमाणं वागली म्हणायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गावचे सगळे बाप्ये हसायला जमा, त्यात आमचे हे सगळ्यात पुढं. नंतर दोरखंड ओढायलाही हेच पुढं होते, ते पण लिहिते, नाहीतर म्हणतील माझं वाईटच लिहितेस.

दुपारी बेल्ट तुटला. ड्रायव्हरनं सिंदेवाहीच्या दुकानातून आणून दिवस मावळायच्या आत बसवला. म. चा आजार कोणत्याही गॅरेजात बरा होतो, ही मोठी गोष्ट.

१० नोव्हेंबर
खे. आला, तो ट्रकवर बसून. रस्त्यानं चालवला तर रबरी पट्टे झिजतात म्हणे. नवरदेवासारखा उतरवून घ्यावा लागला. ड्रायव्हर मल्लेश, सिरोंचाच्या पलीकडचा. हिंदी, तेलुगू अन् आपली बोली एकाच वाक्यात. स्वभावानं गरीब. काम संपलं की मशीन म्हशीवाणी धुतो, म्हणजे खऱ्या म्हशीवाणी. चेनमध्ये चिखल सुकला तर मशीन गेलं, असं त्यानं दहादा सांगितलं. पार्ट नागपूरहून येतो, म्हणजे एकदा थांबला की थांबला. तणसाचे तुकडे होतात, गोऱ्ह्यानं हुंगून सोडलं.

पण तलावाखालच्या चिखलात पाण्यातल्या बदकासारखा गेला. जिथं उभा तिथंच वळतो. डिझेल कमी. शोभाचा चेहरा बघण्यासारखा होता.

आत्याबाई मागं चालल्या. थांबल्या, वाकल्या, पुन्हा चालल्या. पुष्कळ वेळ लागला. मग त्या शोभासमोर आल्या अन् मूठ उघडली. ओटी रिकामीच होती, होतं ते सगळं त्या मुठीत.

बायांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. आत्याबाईंनी ते दाणे शोभाच्या हातावर ठेवले, लुगड्याला हात पुसला अन् घराकडे निघाल्या. त्यांची पाठ दिसली तेव्हा मला समजलं आपण त्यांच्याकडून काय मोजून घेतलं ते.

११ नोव्हेंबर
कशात लक्ष नाही. भाजी दोनदा खारट.

यांना सांगितलं. हे म्हणाले, त्यात काय, आपण देऊ तांदूळ. मी म्हटलं, जा मग, देऊन या. हे गोठ्यात निघून गेले. मागं आत्याबाई तापानं पडल्या होत्या तेव्हा यांनीच तांदळाची एक चुंगडी त्यांच्या दाराशी ठेवली होती. ताप उतरल्यावर त्या माउलीनं ती ओढत ओढत आमच्या दाराशी आणून ठेवली. वर दोन दिवस यांच्याशी बोलल्या नाहीत.

आज आत्याबाई नेहमीसारख्या. अंगण झाडलं. माझंही झाडलं. तेच मला सहन होईना.

१४ नोव्हेंबर
बैठक. मी म. च्या बाजूनं बोलले. तणस चांगलं पडतं, गुरं उपाशी राहणार नाहीत. पार्ट जवळ मिळतो. खे. एकदा बिघडला तर धान उभाच राहील. यातलं एकही खोटं नाही.

शोभानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् सांड?"

मी म्हटलं, थोडं सांडतं, सांडू दे.

"सांड पाहाले आमी तुलेच ठेवलं होतं ना वं?" एवढंच बोलली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. निर्णय पुढं ढकलला. शोभा मला खडूस वाटते, पण आज तिचा राग आला नाही. स्वतःचाच आला.

१६ नोव्हेंबर
आत्याबाई सकाळी स्वयंपाकघरात येऊन बसल्या. चहा घेतला. कप धुऊन ठेवला. मग म्हणाल्या, "तू त्या म्हशीसाठी भांडून राह्यली म्हने."

तणसासाठी, मी म्हटलं.

"माह्यासाठी. मले समजत नाई काय?" मी कणीक मळत होते, मान वर केली नाही. त्या बोलत राहिल्या. "त्या दिवशी मले वाटलं होतं, म्हशीच्या मांगचे चार मुठी दाने खेकड्याच्या मांगं मिसळवावे. कोनाले दिसलं असतं? पन नाई मिसळवले. मंग तू काऊन मिसळवून राह्यली?"

माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. कणकेचे हात, पुसता पण येईना. त्यांनीच पदरानं पुसलं. मी म्हटलं, आत्याबाई, मग तुम्ही खाल काय?

"पाहू," म्हणाल्या. घरात काही नसलं की त्या असंच म्हणतात. मला या बाईचा इतका लळा आहे अन् त्यांना मी साधी पसाभर कणी देऊ शकत नाही.

१८ नोव्हेंबर
हात वर केले. खे. ठरला. मी पण वर केला. मल्लेश हंगामभर चालवेल अन् आमच्यातल्या दोघींना शिकवेल. त्यातली एक मी. दुसऱ्या कशाचा नाही पण याचा खरंच आनंद झाला.

२७ नोव्हेंबर
आपला खे. आला. हळद-कुंकू, नारळ, मोबाईलवर फोटो. शोभा नवीन लुगड्यात. मल्लेशनं मला सीटवर बसवलं, हँडल हातात दिलं, तर खे. जागच्या जागी गर्रकन फिरला. बाया पळाल्या. हे म्हणाले, घरातही अशीच फिरते.

आत्याबाई आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. गावात साधा ट्रॅक्टर आला तरी बघायला जाणारी बाई. त्यांच्यासाठी प्रसाद नेला तर खोली बाहेरून लावलेली, अन् टोपली भिंतीला पालथी.

३० नोव्हेंबर
वरच्या भागातला उरलेला धान कापून झाला. आत्याबाई मागं गेल्या होत्या. संध्याकाळी आल्या तेव्हा ओटीत काय आहे ते दाखवलं नाही, मी विचारलं नाही. त्यांच्या चुलीवर आज भात नाही, आंबील शिजली. मी भात लावला होता, माझा तसाच झाकून ठेवला. हे पण अर्ध्या ताटावरून उठले.

२ डिसेंबर
आज आमच्या तलावाखालच्या बांधीची पाळी. काल मल्लेशनं सांगून ठेवलं होतं की मशीनचं तोंड बांधीच्या कोपऱ्यात पोचत नाही, तिथला धान आधी विळ्यानं कापून ठेवा. मी सकाळी धांदलीत विसरले. पोचले तेव्हा खे. धुऱ्याशी उभा, मल्लेश खाली उतरून हसत होता.

कोपरे कापलेले होते. चारही. शेवटच्या कोपऱ्यात आत्याबाई पेंढ्या बांधत होत्या, चिखलात पोटऱ्यांपर्यंत.

मी काही म्हणायच्या आधीच म्हणाल्या, "मशीन जे खात नाई थे माहं. सरवाच हाये तो."

मला विचारलं नाही. यांना विचारलं नाही. भारा डोक्यावर घेतला अन् गेल्या, मान ताठ. मल्लेश म्हणाला, अम्मा का टॅक्स. मी धुऱ्यावर बसून हसले अन् रडले. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला. मग मल्लेशनं हॉर्न दिला, दोन फेऱ्या मी मारल्या. वळण आज बरं जमलं.

३ डिसेंबर
शोभा दारात. आत्याबाईंची बातमी गावभर झालीय. ती म्हणाली, सांडलेलं वेचणं वेगळं, उभा धान कापणं वेगळं. सरवा म्हणजे पडलेलं. उद्या सगळ्याच बाया कोपरे मागतील, मग?

रीतीनं बघितलं तर तिचं बरोबर आहे. अन् तिची अडचणही खरी आहे. आमच्या बांध्या ऐसपैस आहेत, आमचे कोपरे गेले तर कळतही नाही. तिला वाटणीत तळहाताएवढ्या बांध्या आल्या. एक संपली की दुसरी, नुसते कोपरेच कोपरे. आत्याबाईंचा नियम लागू झाला तर मशीनला काय उरणार.

जाताना म्हणाली, "म्हातारीले तूच समजाव. मी बोलली तर वाईट दिसीन."

समजवायला गेले. आत्याबाई पेंढ्या झोडत होत्या. मी सगळं सांगितलं, शोभाची बाजू पण सांगितली. त्यांनी ऐकलं अन् पुढची पेंढी उचलली.

५ डिसेंबर
उजाडताच अंगणात घस घस आवाज. आत्याबाई दगडावर विळ्याला धार लावत बसलेल्या.

कुठी, विचारलं.

"शोभाच्या बांधीत. मशीन आज तिथीच हाये ना."

तिनं हो म्हटलं काय?

त्यांनी धार बोटानं तपासली. "सरवा येचाले कोनी कोनाले इचारते काय?" म्हणाल्या. अन् मग, माझ्याकडे न बघता, "नाई म्हनली तर परत येईन. पन तिनं माह्या तोंडावर म्हनाव."

आज चालवायची पाळी माझी आहे. शोभाच्या बांधीत खे. मलाच न्यायचा आहे. मशीन पोचायच्या आत इतके कोपरे कापणं त्यांच्या एकटीच्यानं होणार नाही. मल्लेशला फोन करून सांगितलं, डिझेल भर, पट्टे बघ, मी उशिरा येते. मग घरातला विळा घेतला. हे विचारत होते, तू कोणाकडून चालली, शोभाकडून की आत्याकडून. मी म्हटलं, भाजी गरम करून खा.

आत्याबाई फाटकाशी थांबल्या आहेत, एवढं लिहिते अन् निघते. शोभा काय म्हणेल ते बांधीत गेल्यावर कळेल.